३५ अंशांची स्टिक आणि यवतमाळचा मे महिना

टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायची बोटभर लांबीची स्टिक आमच्या जिल्ह्यात दोन वाटांनी आली. पहिली वाट शाळेची. २०१५ मध्ये इंटेलची कॉम्प्युट स्टिक आणि मुंबईच्या आयबॉल कंपनीची स्प्लेंडो भारतात विकायला आल्या. टीव्हीला लावली, की टीव्हीचा विंडोज संगणक व्हायचा. त्याच वर्षी राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला आणि गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहू लागले. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप न परवडणाऱ्या शाळेला टीव्ही आणि स्टिक परवडत होती. दुसरी वाट घरची: २०१७ मध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आली आणि बघता बघता पुसद-वणीपासून लहान खेड्यांपर्यंत पोचली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. घाटंजी, आर्णी, दारव्हा या भागातल्या शाळांमधून आणि पालकांच्या घरांतून ‘गुरुजी, टीव्ही आपोआप बंद पडून रायला जी’ ही तक्रार मार्चपासून वाढत जाते. बहुतेक वेळा दुखणं एकच असतं, स्टिक तापलेली असते. इतक्या वर्षांत जे हाती लागलं ते क्रमाने लिहितो.

१. स्टिकच्या आधी खोलीचं तापमान बघा.

कॉम्प्युट स्टिकसारख्या बऱ्याच उपकरणांच्या माहितीपत्रकात चालवण्याची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस अशी छापलेली असते. यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे मध्ये बाहेरचा पारा ४३-४४ वर जातो आणि टिनाच्या खोलीत त्याहूनही वर. म्हणजे स्टिक चालू करण्याआधीच ती तिच्या मर्यादेबाहेर बसलेली असते.

हा हिशेब एकदा समजला की बाकी सगळं सोपं होतं. चिप थंड होते ती भोवतालच्या हवेला उष्णता देऊन, त्यामुळे ती नेहमी त्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्तच तापलेली असणार. समजा हा फरक ४० अंशांचा आहे. डिसेंबरात सकाळी वर्ग २० अंशांवर असेल तर चिप ६० वर राहील. मे महिन्यात खोली ४२ वर असेल तर तीच चिप, तेच काम करताना, ८२ वर जाईल. रास्पबेरी पाय ४ हा लहान संगणक ८० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतो. जळू नये म्हणून चिपने स्वतःच घेतलेली ही काळजी असते. स्टिकमध्येही तेच होतं. आधी व्हिडिओ अडखळतो, मग आवाज आणि चित्र यांची जोडी तुटते, शेवटी स्टिक बंद पडते. स्टिक सदोष असेलच असं नाही. ती या हवेसाठी बनवलेलीच नाही, एवढंच. म्हणून माझे बहुतेक उपाय स्टिकभोवतालच्या हवेचे आणि वेळेचे आहेत.

२. अडखळलं की लगेच नेटला दोष देऊ नका.

आमच्याकडे नेट खरोखरच कमजोर असतं, म्हणून हा समज पटकन होतो आणि मग रिचार्ज बदल, राउटर हलव, असं सुरू होतं. पेनड्राइव्हवरचा किंवा आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ लावून बघा. तोही पंधरा-वीस मिनिटांनी अडखळत असेल तर कारण उष्णता. सुरुवातीला नीट आणि नंतर बिघाड, हे तापण्याचं खास लक्षण.

३. टीव्हीच्या पाठीमागून स्टिक बाहेर काढा.

भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या मागे जेमतेम दोन बोटं जागा असते. टीव्ही स्वतः तापतो, ती गरम हवा वर जाताना त्याच फटीतून जाते आणि स्टिक नेमकी तिथे खोचलेली. खोली ४० वर असेल तर त्या फटीत आणखी काही अंश सहज वाढतात. फायर टीव्ही स्टिकच्या खोक्यात एक वीतभरही नसलेली एचडीएमआयची वायर येते. अनेक घरांत ती खोक्यातच पडून असते. ती लावा आणि स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर, शक्यतो खालच्या बाजूला, मोकळी लटकू द्या. वायफायही बरं पकडतं. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी.

स्टिकला चिकटपट्टीने टीव्हीच्या पाठीला बांधू नका. सेट-टॉप बॉक्सवर ठेवू नका. टीव्हीवर कापडी झाकण घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. धुळीसाठी ती चांगली, पण टीव्ही चालू असताना झाकणाचा मागचा भाग पूर्ण वर सारलेला हवा.

४. भिंत कोणती, छत कोणतं, हे टीव्ही टांगण्याआधी ठरवा.

पश्चिमेकडची विटांची भिंत दुपारभर ऊन खाते आणि ती उष्णता संध्याकाळी आत सोडते. टीव्ही बघण्याची घरातली वेळ नेमकी तीच. उत्तरेची किंवा आतली भिंत मिळाली तर टीव्ही तिथे घ्या. टिनाचं छप्पर दुपारी दोनला आग ओकतं, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवतं. सिमेंटचा स्लॅब उशिरा तापतो आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. त्यामुळे टिनाच्या वर्गात सकाळची वेळ धरावी आणि स्लॅबच्या घरात गच्चीला चुना मारावा. पांढरा रंग ऊन परतवतो. हा खर्च स्टिकसाठी कोणी करणार नाही, पण माणसांसाठी करावाच, त्यात स्टिकचंही भागतं.

सकाळच्या शाळेत टीव्हीचा तास मी पहिला किंवा दुसरा ठेवतो. साडेदहानंतर फळा.

५. कूलर मित्र आहे, पण अंतर ठेवून.

विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्याने कूलर इथे चांगलं काम करतो. खोलीचं तापमान खाली आलं की स्टिकचंही येतं, वेगळं काही करावं लागत नाही. मात्र कूलरचा झोत थेट टीव्हीच्या पाठीवर येऊ देऊ नका. पाण्याचे बारीक तुषार त्याच्यासोबत येतात आणि आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. कूलरच्या गवताच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तो एचडीएमआयच्या पिनांवरही बसू शकतो. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर आतली हवा दमट होत जाते आणि कूलरचा उपयोग संपतो. पावसाळा तोंडावर आल्यावर तो तसाही फारसा चालत नाही.

स्टिकसाठीच काही हवं असेल तर यूएसबीवर चालणारा पाच व्होल्टचा छोटा पंखा घ्या. चिकटवायचे ॲल्युमिनियमचे तुकडेही मिळतात. स्टिकचं कवच प्लास्टिकचं असेल तर त्यांचा फायदा थोडाच, कारण प्लास्टिक उष्णता नीट बाहेर सोडत नाही. हलती हवा जास्त उपयोगी पडते.

६. कापसाच्या दिवसांत पंखा तपासा.

ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की भाव वाढण्याची वाट पाहत शेतकरी कापूस घरातच साठवतो. पुष्कळदा टीव्ही असलेल्या खोलीतच, छतापर्यंत. त्याचे बारीक तंतू हवेत तरंगत राहतात. कॉम्प्युट स्टिकसारख्या काही स्टिकमध्ये नखाएवढा पंखा असतो. हे तंतू त्याच्या जाळीवर नमद्यासारखे जमतात आणि पंखा फिरत असूनही हवा आत जात नाही. मग थंडीतही स्टिक तापते आणि कोणाला कारण कळत नाही. मऊ ब्रशने जाळी साफ करा. फुंकणीने हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं आधी काडीने अडवून धरा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून खराब होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या खोलीत कापूस भरला आहे तिथे स्टिकचा ॲडॉप्टर, एक्स्टेंशन बोर्ड आणि सैल प्लग ठेवूच नका. स्टिकमध्ये बॅटरी नसते, तिच्यापासून आगीची भीती कमी. भीती स्वस्त ॲडॉप्टरची आणि ठिणगी टाकणाऱ्या बोर्डाची आहे. वर्षभराची कमाई त्या खोलीत असते. हंगामात टीव्ही दुसऱ्या खोलीत हलवा, आणि जागा नसेल तर सरळ काढून ठेवा. इथे मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

७. गरम आहे की उपाशी आहे, हे ओळखा.

टीव्हीच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून साधारण अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. फायर टीव्ही स्टिकसोबत निदान पाच वॅटचा ॲडॉप्टर येतो, पहिल्या कॉम्प्युट स्टिकला पाच व्होल्टवर दोन अँपिअर लागायचे. अपुरी वीज मिळाली की स्टिक पुन्हा पुन्हा सुरू होते आणि लोकांना वाटतं तापली. हात लावून बघा. कोमट असूनही बंद पडत असेल तर दोष विजेचा. सोबत आलेला ॲडॉप्टर आणि सोबतचीच वायर वापरा. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज गळतं. नवा ॲडॉप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा.

वापर झाल्यावर बटण बंद करा. रिमोटने टीव्ही बंद केला तरी स्टिक आत जागीच असते. शनिवारी शाळा सुटताना ती जागी राहिली तर सोमवारपर्यंत बंद खोलीत तापत बसते.

८. चिपला झेपेल तेवढंच काम द्या.

सहावी-सातवीच्या पाठाला ७२० पिक्सेलचा व्हिडिओ पुरेसा आहे. शेवटच्या बाकावरूनही आकृती स्पष्ट दिसते आणि चिपचं काम निम्म्याहून कमी होतं. जुन्या विंडोज स्टिकला एचईव्हीसी प्रकारचा व्हिडिओ सोडवण्याची सोय चिपमध्येच नव्हती, तो सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडायचा. अशा स्टिकवर एच २६४ प्रकारचे व्हिडिओच ठेवा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ७०-८० टक्क्यांवर आणता येते. वेग जरासा कमी होतो, तापणं बरंच कमी होतं. विंडोजचे अपडेट सकाळी, शाळा भरण्याआधी उरकून घ्या. ऐन दुपारी ते मागच्या मागे सुरू झाले की पाठ बंद पडलाच समजा.

९. कोरोनाची बंदूक इथे चालत नाही.

२०२०-२१ मध्ये शाळांनी कपाळावर धरायच्या तापमापक बंदुका घेतल्या. त्या माणसाच्या अंगाच्या तापमानासाठी असतात. साधारण ३२ ते ४३ अंशांपलीकडे त्या आकडा दाखवत नाहीत. तापलेली स्टिक त्याच्या कितीतरी वर असते. विंडोज स्टिकवर तापमान दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात, तेच वापरा. आणि तापलेली स्टिक फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. वीज काढून पंख्याखाली ठेवा, निवते.

१०. खरेदीच्या वेळी तापमान विचारा.

विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरतात, कारण इथलं ऊन वेगळं आहे हे शासनाने मान्य केलं आहे. साहित्य खरेदी करताना मात्र तो विचार होत नाही. सगळ्या जिल्ह्यांसाठी तेच उपकरण येतं. मेमरी किती, स्टोरेज किती, हे सगळे विचारतात. कोटेशन मागवताना शाळा व्यवस्थापन समितीने आणखी एक ओळ लिहावी: उपकरण किती अंश तापमानापर्यंत चालेल, ते लेखी द्यावे. दुकाने आणि कारखान्यांसाठी बनवलेले धातूच्या कवचाचे मिनी संगणक मिळतात, त्यांतल्या अनेकांची मर्यादा ५० अंशांपर्यंत असते. ते स्टिकपेक्षा महाग आहेत. पण यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा या जिल्ह्यांसाठी मला तरी तेच योग्य वाटतात, आणि लोकवर्गणी गोळा करताना तेवढी जास्तीची रक्कम गावाकडे कारणासकट मागावी.