कॅनडाचं कॉलेज: आधी काय शिकणार ते बोला

बारावीचा निकाल लागला किंवा बी.ई.चं शेवटचं सत्र संपलं, की माझ्यासमोर तोच प्रश्न येतो. ‘सर, कॅनडात दोन वर्षांचं इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी केलं की पीआर (कायमचं वास्तव्य) मिळतो ना?’ विचारणारे बहुधा वडील असतात. ज्याला जायचं आहे तो शेजारी मोबाइल चाळत बसलेला असतो. तिथे शिकवतात काय, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. पीआरची हमी कोणीच देऊ शकत नाही. जो एजंट छातीठोकपणे ती देतो, त्याच्या ऑफिसातून सरळ उठून या. ‘आम्ही तुमच्याकडून एक रुपया घेत नाही,’ असंही तो सांगेल. कशाला घेईल? प्रवेशामागे कमिशन त्याला सहसा कॉलेजकडून मिळतं.

आता कॉलेजबद्दल. ओंटारिओ प्रांतात अशी २४ सरकारी कॉलेजं आहेत. ती विद्यापीठं नव्हेत, आपल्या तंत्रनिकेतनांच्या जवळची आहेत. दोन वर्षांची पदविका घेतली की टेक्निशियन, तीन वर्षांचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा केला की टेक्नॉलॉजिस्ट. पुढे अनुभव जमा करून नावापुढे ‘सी.टेक.’ किंवा ‘सी.ई.टी.’ हे पदनाम लावता येतं. ‘पी.इंज.’ म्हणजे परवानाधारक इंजिनिअर व्हायला मात्र इंजिनिअरिंगची पदवी लागते. मग इथे बी.ई. झालेला मुलगा तिथे टेक्निशियनचा कोर्स कशासाठी करतो? फी वर्षाला साधारण १५ ते २० हजार डॉलर, राहणं-खाणं वेगळं. दोन वर्षांत चाळीस लाखांच्या पुढे आकडा सहज जातो. एवढे पैसे मोजून एक पायरी खाली उतरायचं, याला मी शिक्षण म्हणत नाही. एकेक वर्षाची दोन सर्टिफिकेटं जोडून ‘दोन वर्षं’ भरणारे तर विचारूच नका. मेकॅनिकलचा पोरगा, एक सर्टिफिकेट प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं आणि दुसरं सप्लाय चेनचं! बी.ई. झालेल्यांनी आधी इथे दोन-तीन वर्षं नोकरी करावी आणि जायचंच असेल तर विद्यापीठातल्या मास्टर्ससाठी जावं.

शिवाय नियम बदलत राहतात. बँक खात्यात दाखवायची राहण्याच्या खर्चाची रक्कम जानेवारी २०२४ मध्ये १०,००० डॉलरवरून २०,६३५ झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ आहे, म्हणजे आपले साधारण चौदा लाख. जानेवारी २०२४ मध्येच विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. १ नोव्हेंबर २०२४ पासून परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतरचा वर्क परमिट ठरावीक विषयांसाठीच मिळतो. ती यादीही बदलते. म्हणून कोर्सचा सहा अंकी सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा वर्गीकरण क्रमांक, मागून घ्या आणि अर्ज करण्याच्या दिवशी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. ‘मागच्या वर्षी आमच्या भाच्याला मिळाला’ हा पुरावा होत नाही.

याचा अर्थ इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी हा विषयच टाकाऊ, असं समजू नका. उलट तो उत्तम आहे, पण ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याच्यासाठी. ऑटोमेशनच्या लॅबमध्ये काय चालतं ते पाहा. मुलगा पॅनेलची वायरिंग करतो, पीएलसीवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, प्रोग्रॅम चढवतो, मोटर फिरते. मग शिक्षक त्याला बाहेर पाठवून पॅनेलमध्ये गुपचूप एक दोष टाकतात. परत येऊन बघतो तर मोटर ठप्प. पीएलसीचं आउटपुट लागलेलं दिसतं, कॉइलला चोवीस व्होल्टही पोहोचलेत, तरी मोटर चालू करणारा काँटॅक्टर ओढत नाही. मल्टिमीटर घेऊन एकेक टर्मिनल तपासत तो शेवटी दुसऱ्या बाजूला येतो आणि कॉइलची परतीची तार सैल सापडते. हे करताना ज्याला जेवायची शुद्ध राहत नाही, तो कुठेही उपाशी मरणार नाही. ज्याला कंटाळा येतो, त्याला टोरोंटोतही येईल.

आणि हा अभ्यास करायला टोरोंटोच गाठायला हवं असं कोणी सांगितलं? आपल्या सरकारी तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आहे. फी कॅनडाच्या मानाने किरकोळ. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पदविकेची तीन आणि पदवीची तीन, एकूण सहा वर्षं. अकरावी-बारावी आणि बी.ई. धरली तरी सहाच. ‘डिप्लोमा केला तर वर्ष वाया जातं’ हा हिशेब कोणी शिकवला, देव जाणे. पदवीला गेल्यावर गणिताचं पहिलं वर्ष जड जातं हे खरं, त्याची तयारी ठेवावी लागते. पण अठराव्या वर्षी हातात पदविका असते, अप्रेंटिस म्हणून वर्षभर काम करता येतं आणि कनिष्ठ अभियंत्याच्या अनेक जागांसाठी पदविकाच मागतात. तरी पालकांच्या लेखी तंत्रनिकेतन म्हणजे कमी मार्कांच्या पोरांची जागा. तेच शिक्षण कॅनडात घेतलं की पेढे वाटतात!

बारावीनंतर कॅनडालाच जायचं ठरलं असेल तर निदान तीन वर्षांचा, को-ऑप असलेला कोर्स घ्या. को-ऑप म्हणजे शिकता शिकता कंपनीत पगारी काम. टेक्नॉलॉजिस्टचा डिप्लोमा झालेल्यांना थंडर बे इथलं लेकहेड विद्यापीठ इंजिनिअरिंगच्या पदवीच्या पुढच्या वर्षांत प्रवेश देतं. या वाटेचं नाव एजंटांच्या तोंडून मी तरी ऐकलेलं नाही.

पालकांनो, थोडं कडू बोलतो. गावाकडची जमीन गहाण ठेवून पोराला पाठवता आणि रोज रात्री फोनवर ‘जॉब लागला का?’ विचारता. सत्र सुरू असताना आठवड्याला २४ तासच बाहेर काम करायची परवानगी आहे. त्या कमाईतून घरभाडं निघालं तरी पुष्कळ, तुमचा हप्ता कुठून निघणार? मग पोरगं खोटं बोलायला लागतं. कोर्स आवडत नाही हे सांगत नाही, नापास झाल्याचं सांगत नाही. कर्जाचा आकडा त्याला पाठ असतो, म्हणून परतही येत नाही.

बँकेत जाण्याआधी मुलाला किंवा मुलीला एकट्याला समोर बसवा. ‘पीआर मिळणारच नाही असं धरलं, तरी हा कोर्स करशील का?’ एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. उत्तर ‘नाही’ आलं, तर कर्जाचा अर्ज भरू नका.