सरकारी प्रोग्रामरांना फुल-स्टॅक शिकवताना

शासनाच्या निरनिराळ्या विभागांतल्या प्रोग्रामरांना मी वेब अ‍ॅप्लिकेशन स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत बांधायला शिकवतो. बरेच जण एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स आणि एसक्यूएल सर्व्हरच्या स्टोअर्ड प्रोसीजरवर वाढलेले. ‘या वयात यांना काय जमणार’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. नियम, शासन निर्णय आणि टेबलाटेबलांवरून फिरणारी फाइल यांची त्यांना असलेली जाण बाहेरच्या कंपनीला सहज मिळत नाही. शिकवणी त्या जाणिवेवरच उभी करावी.

१. सरावाला उत्पन्नाचा दाखला घ्या. खरेदीची वेबसाइट बांधायला सांगितली की वर्ग गप्प बसतो. दाखल्याचा अर्ज फळ्यावर मांडला की तेच लोक मला थांबवतात. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला तर मुदतीचे दिवस कसे मोजायचे? नायब तहसीलदार रजेवर असतील तर अर्ज कुणाच्या लॉगिनला दिसणार? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ समोर ठेवला की निम्मा डेटाबेस तिथेच सापडतो: पदनिर्देशित अधिकारी, कालमर्यादा, प्रथम अपील, द्वितीय अपील, अर्ज फेटाळला तर त्याचं लेखी कारण. अर्जाची प्रत्येक अवस्था, ती बदलणारा अधिकारी आणि तारीख टेबलात नीट बसली की एपीआय आणि स्क्रीन त्यामागून सुचत जातात. म्हणून रिअ‍ॅक्ट मी शेवटी शिकवतो.

२. देवनागरी सुरुवातीलाच शिकवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्रा व हलन्त ही वेगळी चिन्हं असतात. ‘ज्ञानेश्वर’ लिहायला १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट लागतात. ओरॅकलमध्ये बाइटवर मोजलेला ३० चा रकाना या एका नावाने भरतो. वडिलांच्या नावाला जागा उरत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या व्हारकॅर रकान्यात तर नावाऐवजी प्रश्नचिन्हं उमटतात. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं, एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत. एखाद्या बाईंना ‘तुमची नोंद नाही’ असं सांगितलं जातं, त्यामागे कधीकधी एवढंच असतं. साठवण्याआधी नाव एका ठरावीक रूपात आणायचा कोड वर्गातल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहावा, असा माझा आग्रह असतो.

३. सुरक्षा ऑडिटची वाट पाहू नका. लॉगिन करून पत्त्यातला अर्ज क्रमांक एकाने वाढवायला सांगा. दुसऱ्याचा दाखला उघडला की वर्गाला पुढचं सांगावं लागत नाही. ओवास्पच्या २०२१ च्या यादीत हीच जातकुळी पहिल्या क्रमांकावर होती. बटण लपवून काही साधत नाही. हा अर्ज बघायचा या माणसाला अधिकार आहे का, हे प्रत्येक वेळी सर्व्हरवरच तपासावं लागतं.

४. गिट आवक-जावक नोंदवहीसारखं शिकवा. कुणी, केव्हा, कशासाठी बदललं, ही शिस्त कार्यालयात मुरलेलीच आहे.

५. फ्रेमवर्कवरून वाद घालू नका. डॉट नेट येत असेल तर नवं डॉट नेट, जावा येत असेल तर स्प्रिंग बूट. डेटाबेस मात्र मी पोस्टग्रेस घेतो; केंद्राचं मुक्त स्रोत धोरण २०१५ पासून आहे, आणि परवान्याच्या फाइलविना काम सुरू होतं.

६. प्रशिक्षणाआधी वरिष्ठांशी बोला. निवडणुकीचं काम, व्हीसी, ‘माहिती तातडीने सादर करावी’ अशी पत्रं यांत शिकणारा माणूस तासाला बसूच शकत नाही. कार्यमुक्तीचा लेखी आदेश हवा, आणि एका कार्यालयातून दोघे हवेत, म्हणजे एकाची बदली झाली तरी दुसरा राहतो. त्याहून मोठी अडचण नंतर येते. शिकून परतलेल्याला पुन्हा एक्सेलची विवरणपत्रं भरायला बसवतात आणि सॉफ्टवेअर कंत्राटदाराकडेच राहतं. प्रत्येक विभागाकडे मी दोन गोष्टी मागतो: कोड विभागाच्या स्वतःच्या खात्यावर असावा, आणि कंत्राटदाराचा कोणताही बदल या प्रशिक्षित माणसाने वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जाऊ नये. निविदेच्या अटींतच हे लिहून घ्यावं, कारण करार झाल्यावर ते मिळवणं फार कठीण जातं.