आधी भांडी बघ, मग अलंकार

पोरी, इम्तियाज धारकर यांची ‘ब्लेसिंग’ तुला अभ्यासाला आहे आणि तिच्यातल्या प्रतिमांवर लिहायचंय, असं तुझी आई म्हणाली. म्हणून हे चार शब्द. यातले निम्मे आमच्या गुरुजींचे. त्यांनी मराठी कवितेसाठी सांगितले होते, पण इंग्रजी कवितेलाही तितकेच लागू पडतात.

पेन्सिल घेऊन ‘इथे उपमा, तिथे रूपक’ असं कडेला लिहीत सुटू नकोस. अलंकाराचं नुसतं नाव सांगून फार काही हाती लागत नाही. कविता पाण्याच्या टंचाईची असली की आधी पाण्याचा व्यवहार समजून घ्यायचा. ते येतं कुठून, भरतं कोण, भरतात कशात, आणि कितीला पडतं. ही कविता धारावीवरची. धारकर जन्मल्या लाहोरला, वाढल्या ग्लासगोला आणि मुंबईत बरीच वर्षं राहिल्या. मुंबईचं बहुतेक पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून मोठमोठ्या जलवाहिन्यांनी येतं आणि झोपडपट्टीतल्या नळाला ठरलेल्या वेळेपुरतं सुटतं. (ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. यावर कुणी कविता लिहिली तर तिला अतिशयोक्तीची गरजच पडणार नाही.) एवढं डोक्यात असलं, की कवितेत पाइप फुटतो तेव्हा तो नेमका कुणाचा आणि कुणाच्या दारावरून जाणारा, हे तुझं तुलाच कळेल.

आता पहिल्याच ओळीतली उपमा घे. शाळेत उपमेची चार अंगं शिकवली होती, ती इथे वापर. कोरडी पडलेली कातडी हे उपमेय, वाळकी शेंग हे उपमान, तडकणं हा साधारणधर्म, आणि साम्य दाखवणारा शब्द तर समोरच आहे. बहुतेक मुलं इथे थांबतात. तू पुढे विचार, की शेंगच का? भेगाळलेली जमीन का नाही? ती तर दुष्काळाच्या प्रत्येक बातमीच्या फोटोत असते. मुगाची शेंग उन्हात तडकते तेव्हा आतले दाणे बाहेर उडतात. म्हणजे या तडकण्यात कोरडेपणा आहे आणि रुजायला पाण्याची वाट बघणारं बीसुद्धा. उपमानात उपमेयापेक्षा जास्तीचं काय आलं ते शोधायचं. उत्तराचा गाभा तिथे असतो.

दुसऱ्या कडव्यात पाण्याचा थेंब पत्र्याच्या टमरेलात पडतो आणि तो आवाज कवयित्रीला दयाळू देवाचा वाटतो. पण नीट वाच. थेंब पडतो असं ती म्हणतच नाही. ती आपल्याला तशी कल्पना करायला सांगते. कवितेतलं पहिलं पाणी खोटं आहे, मनातलं आहे, आणि तेही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. रात्री नळाखाली बादली लावून झोपणाऱ्या माणसाला हे कानांचं प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. प्रतिमा म्हटलं की मुलं फक्त डोळ्यांचा विचार करतात. प्रत्येक प्रतिमेपुढे ती डोळ्याची, कानाची की कातडीची, हे लिहून ठेव.

मग ओळी मोज. कडवी चार आहेत: दोन ओळी, चार, अकरा आणि शेवटी सहा. अकरा ओळींचं कडवं पाइप फुटल्याचं. पाणी नसतं तेव्हा ओळीही तुटपुंज्या, आणि पाणी आलं की ओळी लोटतात. त्या कडव्याच्या शेवटी पूर्णविरामही नाही, नुसता स्वल्पविराम देऊन ते पुढच्यात वाहत जातं. हा अलंकार नव्हे, पण अर्थ इथेही आहे.

याच कडव्यात माझी सगळ्यात आवडती जागा आहे, ती म्हणजे भांड्यांची यादी. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, मग प्लॅस्टिकच्या बादल्या आणि शेवटी नुसते हात. यादी दिसली की तिचा क्रम बघायचा, ही गुरुजींची शिकवण. बोहारणीला विचार, पितळ-तांब्याकडून प्लॅस्टिककडे येताना ती भाव उतरवतच जाईल. ज्याच्याकडे जे होतं ते घेऊन तो धावला, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्यानं ओंजळ पुढे केली. आता शेवटच्या कडव्यात ये. उघडी मुलं पाण्यात किंचाळताहेत आणि त्यांची अंगं कशी लखलखताहेत, तर घासूनपुसून लकाकी आणल्यासारखी. भांड्यांसाठी शोभावेत असे शब्द मुलांना लावले आहेत. एका प्रतिमेचे शब्द दुसरीकडे गेले की तिथे खूण कर. पोरंच इथे भांडी झाली आहेत आणि आशीर्वाद त्यांच्यावर ओतला जातोय. परीक्षेत एकच मुद्दा लिहायला वेळ उरला तर हा लिही.

आणि एक, बाकीच्यांत न बसणारा शब्द हुडकायचा. या कवितेत देव आहे, भाग्य आहे, आशीर्वाद आहे, पाण्याला चांदी म्हटलंय, जमलेल्या गर्दीला प्रार्थनेला जमलेल्या मंडळींचा शब्द दिलाय. या सगळ्या सोवळ्यात एकच शब्द कोरडा सरकारी आहे: पाइप नगरपालिकेचा आहे. वरून पडतं ते देवाचं दान नव्हे, तो पालिकेच्या कारभारातला बिघाड आहे. वस्तीला हक्कानं मिळत नाही ते गळतीनं मिळालं आणि त्याला ती आशीर्वाद म्हणतेय. शीर्षकातला उपरोध याच एका शब्दावर उभा आहे. तो दिसला नाही, तर कविता भक्तिगीत वाटते.

आपल्या वाचकाला गर्दीच्या प्रतिमेत आणखीही एक गोष्ट दिसते. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य ठरवलेल्यांनी पाणी पिऊन आपला हक्क बजावला, हे ज्याला माहीत आहे, त्याला आपल्याकडचा पाणवठा नुसता पाणवठा वाटत नाही. फुटलेल्या पाइपवर कुणी कुणाला जात विचारत नाही, हे मला लगेच जाणवलं. कवयित्रीनं तसं म्हटलेलं नाही. म्हणून लिहायचं झालं तर ‘मला असं वाटतं’ म्हणून लिही, तिच्या तोंडी घालू नकोस.

काही जण म्हणतील, गरिबीला उगाच चमक दिली. ही शंका रास्त आहे, ती टाळू नकोस. माझं उत्तर असं, की कविता चमकेवर संपत नाही, ती मुलांच्या लहानशा हाडांवर संपते. हाडं दिसतात म्हणजे खाण्याचीही वानवा आहे आणि उद्या पाइप दुरुस्त होणार आहे.

सवय म्हणून सरकारी नावांवरही हात चालव. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या रेल्वेला ‘जलदूत’ म्हणत होते. कालिदासाला आठवून हे रूपक उलगड, आणि मग विचार की त्यानं लातूरची तहान दाखवली की झाकली. कवितेतल्या प्रत्येक अलंकाराला हाच प्रश्न करायचा.

‘पाणी म्हणजे जीवन’ हे वाक्य मात्र उत्तरात आणू नकोस, ते टँकरच्या मागे रंगवलेलं असतं. कविता स्वतःच्या हातानं वहीत उतरवून काढ, तिसऱ्या कडव्यातली क्रियापदं अधोरेखित कर आणि रविवारी घेऊन ये. अकराच्या आत ये, नंतर आमच्याकडे पाणी जातं.