साप खोकत नाही, पोरी

पोरी, फुप्फुसाच्या आजारातून उठणाऱ्या तुझ्या बॉल पायथनच्या तोंडातले बुडबुडे थांबले, श्वासाची शिट्टी बंद झाली, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण डोळ्यांत तेल घालून बघायचे दिवस आत्ता सुरू झालेत. त्याला ना खोकता येतं, ना कण्हता. मुका रोगी, जागा राखणदार. म्हणून हे लिहून देते, पेटीच्या बाजूला चिकटवून ठेव. मावशीची किरकिर म्हणालीस तरी चालेल.

१. डॉक्टरांनी सांगितलेली सगळी इंजेक्शनं पुरी कर, तो कितीही टवटवीत दिसला तरी — अर्धवट सोडलं की उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात, आणि तेच औषध मग लागू पडत नाही.

२. सुई शरीराच्या पुढच्या भागातच द्यायची, डॉक्टरांनी दाखवली तशी — मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, आणि औषधाचा त्रास तिथे होतो.

३. गरम कोपरा ३१ ते ३३ अंश, दुसरी बाजू २६-२७, आणि रात्रीही २५ च्या खाली जाऊ देऊ नको — सापाचं अंग स्वतः तापत नाही, आणि अंग थंड तर रोगाशी झुंजायची ताकदही थंड. ऊब अर्धी, औषध अर्धं.

४. हीटिंग पॅडला थर्मोस्टॅट हवाच, आणि काचेला हात लावून अंदाज बांधू नको — सापाला चटका लवकर कळत नाही, पोट भाजेपर्यंत तो तिथेच पडून राहतो.

५. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात, आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. हीटर इन्व्हर्टरवर घे. तेही नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकव, आत ठेवू नको — आत ठेवली तर तो तिलाच वेटोळं घालून बसेल.

६. एप्रिल-मेमधे कूलरचा झोत पेटीवर येऊ देऊ नको — गार वारं थेट अंगावर घेतलं की केलेलं सगळं पाण्यात. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेव, पण जाळीतून हवा खेळती राहू दे. ओल हवी, कोंडवाडा नको.

७. बरा होईपर्यंत नारळाचा भुसा काढून साधा कोरा कागद अंथर — लाळेचा डाग, विष्ठा, एखादी गोचिडीसारखी बारीक माइट, सगळं लगेच दिसतं.

८. वाफारा, निलगिरी, बाम, ओव्याची धुरी, यांतलं काही करायचं नाही गं. आपल्या नाकाला आराम देणारं त्याच्या फुप्फुसाला जाळतं — त्या खोलीत उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, डांबरगोळ्या आणि फिनेलही नको. नेब्युलायझर द्यायचा तर डॉक्टर सांगतील तेवढाच.

९. रात्री पंखा बंद करून दोन मिनिटं कान लाव, आणि तोंडाची कड बघ. ओठांच्या फटीत चिकट थेंब, तोंड उघडं, किंवा मान सारखी वर धरलेली दिसली तर डॉक्टरांकडे जायला सकाळची वाट बघ, पण दुपारची नको. कात टाकायच्या आधी मात्र नुसती शिट्टी वाजली तर घाबरू नको — नाकपुडीत सुटलेली जुनी कातडी अडकली तरी आवाज येतो.

१०. डॉक्टर हो म्हणेपर्यंत खाणं नाही. मग पहिला उंदीर नेहमीपेक्षा लहान, नीट वितळवून कोमट केलेला, आणि त्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही — उलटी झाली तर आधीच दुखावलेल्या श्वासमार्गाला नवं संकट. भुकेला आहे म्हणून पचेलच असं नाही.

११. दर आठवड्याला त्याच वारी ग्रॅमच्या काट्यावर वजन करून वहीत लिही, आणि तो काटा स्वयंपाकघरातला नको — डोळे लाड करतात, काटा करत नाही.

१२. नागपंचमीला कुणी दुधाची वाटी घेऊन आलं तर प्रेमाने चहा पाजून परत पाठव. गारुडी सापांना तहानलेलं ठेवतात म्हणून ते दूध ओढतात. ते पचत नाही, आणि फुप्फुसात गेलं तर हाच आजार होऊन साप मरतात — त्याला ताजं पाणी पुरे.

१३. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धू, भांडी धुण्याच्या सिंकमधे नको — निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला असतो, आणि तुझ्याकडे लहान पोरं येतात.

१४. घरात धामण निघाली तर सर्पमित्राला बोलव, त्या पेटीच्या आसपासही ठेवू नको — तिची माइट आणि जंतू याला, याचे तिला. शिवाय आपले देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तुझा आफ्रिकेतला, पण त्याचीही नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर झालेली हवी. तो कागद औषधाच्या वहीतच ठेव.

१५. लांब न्यायची वेळ आली, अगदी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत, तर सुती पिशवी, ती भोकं पाडलेल्या डब्यात, आणि गाडीचा एसी बंद. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या त्याच्या एका जातभगिनीने २०२० मधे साठी उलटल्यावर अंडी घातली होती — तुझी साथ अजून फार लांबची आहे, प्रवासाची घाई करून ती तोडू नको.

१६. औषध संपून महिन्या-दोन महिन्यांत तोच घरघराट परत आला, तर जुनी बाटली उघडू नको. डॉक्टरांना तोंडातला स्वॅब घेऊन नायडोव्हायरसची तपासणी करायला सांग — विषाणू असेल तर अँटिबायोटिक त्याला शिवतही नाही, आणि तो साप बाकीच्या पायथनपासून कायमचा वेगळा ठेवावा लागतो.