पिशवी काढल्यानंतरचे जिणे



बाईची पिशवी काढली की कटकट मिटली, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. पाळी गेली, सुटली बिचारी! पण सुटका एवढी सोपी नसते.

गर्भपिशवीच्या दोन्ही अंगांना बीजांडकोश असतात. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजांडकोशातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक चालू राहते. दोन्ही बीजांडकोशही काढले, तर एरवी चाळिशीच्या उत्तरार्धात सावकाश येणारी रजोनिवृत्ती एका दिवसात येऊन आदळते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने चोळी भिजते, झोप उडते, चिडचिड होते, संबंधाच्या वेळी दुखते. हे निदान तिला कळते तरी. हाडे आतून ठिसूळ होतात ते कळतही नाही, आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. वय जितके कमी, तितका फटका मोठा. घरची माणसे मात्र ‘उगाच करतीया’ म्हणून मोकळी!

विषय आपल्या बांधावरचाच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर राज्य शासनाने २०१९ साली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. म्हणजे साधारण सहा जणींत एक. उचल फेडायची असते, पाळीत बसले की खाडा कापतात, फडात ना आडोसा ना पाणी. अंगावर पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली जाते. वास्तविक ते दुखणे बहुतेक वेळा औषधाने बरे होते. आणि पिशवी काढलेली तीच बाई पुढच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते.

ऑपरेशन झाले असेल तर दवाखान्याचा कागद जपून ठेवा. बीजांडकोश ठेवले की काढले, ते त्यावरून कळते. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही गेले असतील तर हार्मोनच्या औषधाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. नैसर्गिक वयापर्यंत ते सहसा देतात. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना मात्र सहसा देत नाहीत. नाचणी, तीळ, दूध पोटात जाऊ द्या. (सगळे दूध डेअरीला आणि घरात कोरा चहा, हे चालायचे नाही.) मिश्री बंद.

गळीत सुरू झाले की टोळी आपल्या फडात उतरेल. विहिरीचे स्वच्छ पाणी, आडोशाला चार पत्रे, एवढे सभासदाच्या हातातले आहे. पाळीच्या दिवसांतल्या खाड्याचे मुकादमाशी तोड सुरू होण्याआधीच बोलून घ्यावे.