उघडतो आपोआप, रोवावा लागतो हातानं

हवेत फेकला की दोन-तीन सेकंदांत उभा राहणारा पॉप-अप तंबू आता आमच्या भागात नवा राहिलेला नाही. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला येणाऱ्या गाड्यांच्या डिकीत ती मोठी गोल पिशवी हमखास दिसते. मी बारामतीचा. उजनी धरणाच्या काठावर आणि मित्रांच्या शेतांत असे तंबू मी बरेच वापरलेत, आणि पाहुणे वापरतात तेव्हा शेजारी उभा राहून पाहिलेही आहेत. माझं मत आता पक्कं झालंय. झटकन उघडणं हा या तंबूचा सगळ्यात कमी महत्त्वाचा गुण आहे, आणि विकत घेताना आपण नेमका तेवढाच पाहतो.

या तंबूत पोलादी तारेची किंवा फायबरग्लासची कडी कापडातच शिवलेली असतात. पिशवीत ती पिळून दाबलेली असतात. मोकळी झाली की मूळ आकाराला येतात. म्हणजे उभं राहायला त्याला जमिनीची गरजच पडत नाही. जुना तंबू मेखा ठोकल्याशिवाय उभा राहत नसे, त्यामुळे ठोकणं टळत नसे. हा नुसताच उभा राहतो आणि काम झालं असं वाटतं.

होळीनंतरची एक संध्याकाळ सांगतो. पुण्याहून बहिणीचं कुटुंब आलं होतं. उजनीचं पाणी तोवर बरंच मागं सरकलेलं असतं आणि गाळपेराची काळी जमीन उघडी पडलेली असते. भाच्यानं तिथंच तंबू उघडला, पिशवीत आलेल्या बारीक मेखा चार कोपऱ्यांत टोचल्या. जमीन भेगाळलेली, मेखा हाताच्या दाबानंच आत गेल्या. सगळ्यांना बरंच वाटलं. पण जी मेख हातानं आत जाते, ती हातानंच बाहेरही येते. दिवस कलला आणि वारं सुटलं. धाकटी भाची पाणी प्यायला म्हणून नुकतीच तंबूतून बाहेर आली होती. एक झोत उघड्या तोंडातून आत शिरला, तंबू फुगला, मेखांसकट उचलला गेला आणि लोळत लोळत थेट पाण्यात. “मामा, तंबू!” एवढंच ती ओरडली. जवळच जाळी लावणाऱ्या एका दादांनी होडी घालून तो ओढून आणला. काठाला लावताना ते म्हणाले, “पाव्हणं, पोरगी आत असती म्हंजी?” त्यावर आमच्यापैकी कुणाला काही बोलता आलं नाही.

उजनीचं वारं खरंच हलकं घेण्यासारखं नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून यशवंतसागर या त्याच्या जलाशयाचं पाणी मैलोन् मैल पसरलंय, आणि त्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला मध्ये काहीच नाही. चैत्र-वैशाखात वळवाची हवा झाली, आभाळ काळं दिसलं, की तंबू सरळ पाडून गाडीत ठेवावा आणि माणसांनीही गाडीत किंवा पक्क्या घरात बसावं. झाडाखाली थांबू नये, विजा पडतात.

रोवायचं कसं, हे मी तंबूच्या माहितीपत्रकातून शिकलो नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते, तेव्हा दिंड्यांच्या राहुट्या उभ्या करणाऱ्या मंडळींना मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. ट्रक थांबल्यावर ती माणसं आधी जमिनीचा उतार बघतात, वारं कुठून येतंय ते बघतात, आणि मगच दोर सोडतात. मेख सरळ ठोकत नाहीत. तिचं डोकं राहुटीपासून बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवतात, म्हणजे दोराचा ताण तिला वर उपसत नाही. आभाळ भरलेलं असेल तर कडेनं चर खणतात. आपल्या छोट्या तंबूलाही हेच सगळं लागू आहे.

त्यामुळे दुकानात तंबू हातात आला की आधी त्याच्या कडा बघा. मधल्या उंचीवर ताणाचे दोर बांधायला कड्या आहेत का, किती आहेत, त्यांची शिलाई दुहेरी आहे का? ज्या तंबूला फक्त कोपऱ्यातच मेखा लागतात तो अंगणातल्या सावलीपुरता ठीक. माळावर किंवा पाण्याकाठी नको. सोबत येणाऱ्या तारेसारख्या मेखा बहुधा निरुपयोगी असतात. लोहाराकडून वीतभरापेक्षा लांब लोखंडी मेखा करून घ्याव्यात आणि गाडीत हातोडी ठेवावी. मुरमाड माळावर बारीक मेख वाकते, जाड मेख दमानं ठोकली की धरते. भेगाळलेल्या काळ्या रानात मात्र लांब मेखेचाही भरवसा नाही. तिथं रिकामी गोणी मातीनं भरावी, तिच्या तोंडाला दोर बांधावा, गोणी खड्ड्यात पुरून वर माती दाबावी. ती सहसा उपसत नाही. तंबूचं तोंड वाऱ्याकडे कधीच नको, आणि रिकामा तंबू उघड्या तोंडाचा सोडून पक्षी बघायला जाणं तर नकोच.

आता माणसांचा हिशेब. ‘चार जणांचा’ असं लिहिलेल्या तंबूत माणशी जेमतेम पन्नास-साठ सेंटीमीटर रुंदी धरलेली असते. चौघं खांद्याला खांदा लावून निजतील, पण पिशव्या ठेवायला जागा नाही आणि कुशीवर वळायलाही नाही. लांबी-रुंदीचे आकडे घेऊन घरी फरशीवर खडूनं चौकोन आखावा आणि सगळ्यांनी त्यात निजून पाहावं. आमच्याकडे दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल एवढ्यांसाठी चारचाच तंबू लागतो.

कापडावर १५००, २००० किंवा ३००० मिलिमीटर असा आकडा असतो. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड झिरपल्याशिवाय पेलतं, असा त्याचा अर्थ. हलक्या सरीला १५०० पुरतं. तळाला मात्र जास्त हवं, कारण आपल्या गुडघ्याच्या, कोपराच्या दाबानं ओल आत येते. शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हेही बोट फिरवून बघावं. आकडा कितीही मोठा असला तरी पाणी शिलाईच्या भोकांतून येतं.

स्वस्त पॉप-अप तंबू एकाच पदराचे असतात. पौषातल्या रात्री पाण्याकाठी त्यात झोपलात तर पहाटे छतावरून थेंब पडू लागतात आणि तंबू गळका निघाला असं वाटतं. तो आपल्याच श्वासाचा ओलावा असतो, थंड कापडावर साचलेला. दोन पदरांचा, वर वेगळं आच्छादन असलेला तंबू मिळाला तर थोडे पैसे जास्त द्यावेत. नाहीतर दोन्ही बाजूंच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. थंडी वाजते म्हणून आत शेगडी, निखारे किंवा गॅसची चूल घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

जागा निवडताना आधी खाली बघा. उजनीच्या काठाला वेड्या बाभळीचं रान आहे आणि माळावर सराटे. तळाला एक काटा गेला की ओल सुरू. जागा झाडून घ्यावी आणि ताडपत्री अंथरावी, पण ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडी लहान हवी. बाहेर आलेल्या कडेवर पडलेलं पाणी दोन्हींच्या मध्ये शिरतं. मग पाण्याकडे बघा. पावसाळ्यात इंदापुरात ऊन असतानाही उजनी वाढते, कारण पाऊस मुळशी-मावळात पडतो आणि पाणी भीमेतून येतं. इथली माणसं रोज दौंडचा विसर्ग किती क्युसेक ते विचारतात, पाहुण्यांनीही विचारावं. ओढ्यात आणि कालव्याच्या भरावाखाली तर तंबू नकोच. २५ मे २०२५ ला बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, तेव्हा पाणी थेट रानांत आणि रस्त्यांवर आलं.

उसाच्या फडाला लागून निजू नये, अलीकडे या भागातही बिबट्या दिसतो. त्याहून जास्त काळजी मण्यारीची. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात ती शिरते, चावलेलं कित्येकदा कळतही नाही. सलग शिवलेल्या तळाचा आणि पूर्ण बंद होणाऱ्या चेनचा तंबू इथं खरोखर जीव वाचवतो, पण चेन दिवसाही बंद ठेवली तरच. बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत. शंका जरी आली तरी १०८ ला फोन करावा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावं.

गाळपेरात कुणीतरी पेरलेलं असतं, त्यांना विचारल्याशिवाय उतरू नये. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, कडबनवाडीचं गवताळ रान ही चिंकारा-लांडग्यांची जागा आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं रात्र काढू नये आणि वाळल्या गवतात जाळ तर कधीच करू नये. एका ठिणगीत सगळा माळ जातो, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना जायला जागा उरत नाही.

घडी घालणं उघडण्यापेक्षा अवघड आहे. ते निघायच्या आधी घरी, दिवसाउजेडी शिकावं. सगळी कडी एकावर एक आणून तंबू सपाट करायचा, वरचं टोक खाली वाकवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ द्यायचा आणि तयार झालेली दोन वर्तुळं एकमेकांवर सरकवायची. जोर लागतोय म्हणजे पीळ उलटा पडलाय. सोडून पुन्हा सुरू करावं. उलट्या पिळात तार कायमची मुडपते, फायबरग्लास चिरतो आणि त्याची कुसळं हातात जातात. उघडतानाही मुलांना चार पावलं लांब उभं करावं, सुटलेलं कडं डोळ्यावर बसतं. घडीची चकती पाऊण मीटरभर रुंद होते. मोटरसायकलवर मागं बांधली तर सोलापूर रस्त्यावर वारा तिलाच धरतो. एसटीनं किंवा दुचाकीनं जाणाऱ्यांनी छत्रीसारखा, दांड्यांचा आपोआप उघडणारा तंबू घ्यावा. त्याची घडी लांबट होते आणि उभा राहायला फार तर मिनिटभर जास्त लागतं.

परत आल्यावर तंबू त्याच दिवशी सावलीत उघडून वाळवावा. दमट ठेवला तर आतला लेप चिकट होऊन सुटतो, तारेला गंज चढतो. वाकलेल्या मेखा सरळ कराव्यात, दोरांच्या गाठी सोडाव्यात. चेन अडखळत असेल तर दातांवर मेणबत्ती घासावी, आणि ती पूर्ण मिटते याची खात्री झाल्यावरच घडी करावी.