नवीन बांधलेले इंजिन का अडखळते ?



ऊस विकास अधिकाऱ्याने मोटारीवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याला कारणे दोन. शेंदूरजनाघाट-वरूड भागात काही सभासदांच्या वाड्यात वडिलांच्या वेळची अम्बासिडर किंवा पद्मिनी अजून उभी आहे. बेण्याची गोष्ट संपली की हटकून प्रश्न निघतो, "साहेब, इंजिन नवं बांधलं, रिंगा-पिस्टन टाकले, तरी पाय दाबला का गाडी अडते. काहून?" हे झाले पहिले कारण. दुसरे कारण आपल्या उसाशीच निगडित आहे, ते पुढे येईल.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. इंजिन लगेच पुन्हा उघडू नये. खोडव्याची पाने पिवळी पडली म्हणून आपण बेट उपटून पाहत नाही. आधी पाणी साचले का, चुनखडीमुळे लोह कमी पडले का, हे पाहतो. इंजिनचेही तसेच आहे. बांधणीनंतर गाडी अडखळली तर दोष बहुधा पोटात नसून बाहेर, म्हणजे करंट, हवा किंवा पेट्रोल यांपैकी एकात असतो. हेड विनाकारण उघडले तर गास्केट, मजुरी आणि ऐन हंगामातले दिवस, सारेच वाया जाते.

रोग कोणता ते आधी ठरवा

गाडी सतत फटफट करत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही. सपाट रस्त्यावर ठीक आणि सातपुड्याच्या चढावर दम तोडत असेल तर पेट्रोल कमी पोचते. पण उभी असताना ठीक, पाय दाबला की क्षणभर थबकते, झटका देते आणि मग पळते, हे खरे अडखळणे होय. असे का होते ? पाय दाबताच हवा एकदम आत शिरते, पेट्रोल जड असल्याने मागे राहते. त्या क्षणी मिश्रण पातळ होते. त्याच क्षणी सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त जोर लागतो. म्हणून पेट्रोलची किंवा करंटची थोडीशी कमतरताही नेमकी तेव्हाच उघडी पडते.

बिनखर्चाची परीक्षा

इंजिन गरम झाल्यावर चोक थोडा ओढून गाडी चालवून पाहा. अडखळणे कमी झाले तर मिश्रण पातळ आहे. हवा किंवा पेट्रोलचा दोष शोधा. वाढले किंवा तसेच राहिले तर आधी करंट पाहा. प्लगचे टोकही बोलते. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरे असेल तर मिश्रण पातळ, कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त. नवीन रिंगा बसेपर्यंत थोडे ऑइल दिसले तर घाबरू नये.

क्रमाने पाहावयाच्या गोष्टी

१) टॅपेट. अम्बासिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनला थंड असताना १५ थाऊ, म्हणजे सुमारे ०.३८ मि.मी. फट लागते. जुन्या पद्धतीच्या गास्केटला काही अंतर चालल्यावर हेडचे नट पुन्हा आवळावे लागतात. त्यानंतर टॅपेट पुन्हा मोजलेच पाहिजेत. हे काम पुष्कळदा राहून जाते.

२) करंट. याच इंजिनला पॉइंटची फट १४ ते १६ थाऊ आणि प्लगची २५ थाऊ. वायरांचा क्रम १-३-४-२. मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. ते नाव अमेरिकेतल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीचे आहे. आतल्या प्लेटची अर्थिंगची बारीक वायर जरूर तपासा. पाय दाबताच व्हॅक्यूममुळे प्लेट सरकते, आणि वायर आतून तुटलेली असेल तर नेमका तेव्हाच करंट तुटतो. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहा. प्लेट हलली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यास तेथेच थांबली पाहिजे. परत आली तर आतला पडदा फाटला समजावे.

३) हवेची गळती. बांधणीत मॅनिफोल्डचे पॅकिंग नीट बसले नाही तर फुकटची हवा आत जाते. इंजिन चालू ठेवून सांध्यावर थोडे पाणी शिंपडा. आवाज बदलला तर गळती तेथेच. डेल्को आणि वायरांवर पाणी जाऊ देऊ नये. काही लोक याकरिता पेट्रोल ओततात. तसे कदापि करू नये, गाडी पेटते.

४) कार्बोरेटर. इंजिन बंद करून, एअर क्लीनर काढून, कार्बोरेटरच्या तोंडात पाहत अॅक्सिलरेटर ओढा. पंप असलेल्या कार्बोरेटरात लगेच पेट्रोलची धार दिसली पाहिजे. बऱ्याच जुन्या अम्बासिडरना एसयू कार्बोरेटर आहे. त्याला असा पंप नसतो. त्याच्या वरच्या डॅम्परमधले ऑइल हे काम करते. ते संपले की गाडी हमखास अडखळते. झाकण काढून थोडे पातळ इंजिन ऑइल घालावे, आतला पिस्टन उचलून सोडावा. तो अडथळा न होता खाली येऊन 'टक्' वाजला पाहिजे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहून ठेवावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आता उसाची गोष्ट

वरचे सारे ठीक असून चोक ओढल्यावरच गाडी सुधारत असेल तर पेट्रोलकडे पाहा. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे २००३ साली ५ टक्क्यांपासून सुरू झाले, जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्के झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचली. हे इथेनॉल उसाचा रस, मळी आणि धान्यापासून होते. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. जेट जुनेच ठेवले तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून जेटमध्ये आणते, जुने रबर फुगवते आणि हवेतली ओल ओढते.

उपाय अवघड नाहीत. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घालावेत. टाकी धुऊन फिल्टर बदलावा. जेट एक नंबर मोठा करावा. एसयूमध्ये मिश्रणाचा नट एक-दोन बाजू खाली घ्यावा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये.

इथेनॉलमुळे साखर धंद्याला आणि पर्यायाने उसाच्या बिलाला आधार मिळाला, हे खरे. म्हणून त्याचे गुणच सांगायचे आणि जुन्या गाडीला होणारा त्रास दडवायचा, हे सहकाराला शोभत नाही. पातळ मिश्रणावर दामटलेले नवे इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळतात. उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना गाडी क्षणभर थबकली तर जिवावर बेतते. तरी सभासदांनी ट्रॉली आणि बैलगाड्या रस्त्यावर येण्याच्या आत, म्हणजे गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी, ही तपासणी उरकून घ्यावी.